आमची वाटचाल : चार दिवसांचा साठा

वडिलांनी १९८७ साली बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये कपोला भट्टी, म्हणजे कोकवर बीड वितळवायची उभी भट्टी, लावली. पंपाची केसिंगं, गिरणीचे भाग, शेतीच्या अवजारांचं सुटं सामान, बिडाचं मिळेल ते ओतकाम ते घ्यायचे. २००८ साली विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आली. २०११ पासून कारभार माझ्याकडे आहे. आज आम्ही सव्वीस जण आहोत, आणि आमचा बराचसा माल ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांना जातो.

वाढ कशी झाली हे सांगण्यासारखं आहेच. पण माझ्या तेव्हाच्या वयाची जी मुलं आत्ता बापाच्या शेडमध्ये उभी राहतायत, त्यांना आमचं नुकसान कुठं झालं हे जास्त उपयोगी पडेल.

२०१७ साली एका मोठ्या गिऱ्हाइकानं आम्हा पुरवठादारांना पुण्याचा प्लांट बघायला बोलावलं. जमिनीवर पिवळे पट्टे, गोदाम जवळजवळ रिकामं, माल लागेल तेव्हाच दारात. भिंतीवर प्रत्येक कामगाराचं नाव आणि त्यापुढं महिन्याचे गुण. मी भारावून गेलो. वहीची बावीस पानं भरली आणि परत येताना कराडपर्यंत गाडीत तेच बोलत होतो.

आल्यावर पहिली कुऱ्हाड साठ्यावर पडली. वडील पिग आयर्न (कच्चं बीड), बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधणारी माती), कोळशाची भुकटी, कोअरचं रेझिन (ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, घट्ट करणारा चिकट पदार्थ), सगळं महिना-दीड महिन्याचं भरून ठेवायचे. अडकलेला पैसा मोकळा करायचा म्हणून रेझिन आणि बेंटोनाइट मी चार दिवसांवर आणलं. कोल्हापूरचा व्यापारी फोन केला की दुसऱ्या दिवशी गाडी पाठवायचा. दीड वर्ष सुरळीत चाललं, बँकेचं व्याजही कमी झालं, आणि मला वाटलं वडिलांना हिशोब कळत नव्हता.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवेवर चढलं आणि पुणे-बंगळूर रस्ता जवळपास आठवडाभर बंद पडला. आमचं रेझिन पलीकडे. पाचव्या दिवशी कोअर शॉप थांबलं. बंगळूरकडच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर त्या महिन्याच्या मध्याला द्यायची होती, ती गेली, आणि ते गिऱ्हाईक परत आलं नाही. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी नीट वाचायला बसलो. साठा न ठेवता लागेल तेव्हाच माल आणायची ही पद्धत टोयोटाची. युद्धानंतर त्यांच्याकडे भांडवल तोकडं होतं, त्या अडचणीतून ती घडली. त्यांचे कित्येक पुरवठादार जपानमधल्या त्यांच्याच आइची प्रांतात, हाकेच्या अंतरावर. तरीही १ फेब्रुवारी १९९७ ला ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या त्यांच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाचे जपानमधले कारखाने थांबले. ते काही दिवसांत उठले, कारण ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवलाच नव्हता अशा पुरवठादारांनीही तो करून दिला. वर्षानुवर्षांच्या संबंधांची ती ताकद होती, आणि ती कुठल्या पिवळ्या पट्ट्यात दिसत नाही. २०११ च्या भूकंपानंतर तर टोयोटानंच पुरवठादारांना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. मी ज्या नियमाची नक्कल करत होतो, तो मूळ मालकानं स्वतःसाठी कधीच बदलला होता.

दुसरी गोष्ट फळ्याची. तिचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तिथं माणसं दुखावली. पुण्यासारखाच मीही प्रत्येक मोल्डरच्या, म्हणजे साचे करणाऱ्याच्या, नावापुढं रिजेक्शनचा, म्हणजे वाया गेलेल्या ओतकामाचा, आकडा लिहायला लागलो. खालच्या तिघांची नावं लाल खडूनं. दोन महिने तीच तीन नावं लाल. आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते एका संध्याकाळी मला साच्यांच्या ओळीपाशी घेऊन गेले, जिथं लॅडलनं, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या भांड्यानं, वितळलेलं बीड ओततात. म्हणाले, “बाळा, लॅडल ह्या टोकाकडून सुरू होतो. त्या टोकाला पोचतो तवर रस गार झालेला असतो. तिथं मला बसीव, मी पण लालच होणार बघ.”

खरंच होतं ते. शेवटच्या साच्यांत कोल्ड शट, म्हणजे गार रस एकजीव न झाल्यानं राहणाऱ्या फटी, निघायचे आणि ते नावावर पडायचे त्या कोपऱ्यातल्या माणसाच्या. पुण्याच्या प्लांटमध्ये साच्याची वाळू यंत्रातून एकसारखी येते, साचे सरकत्या पट्ट्यावरून रसाकडे येतात. तिथला आकडा माणसाबद्दल काही सांगतो. आमच्याकडे तो फक्त जागा सांगत होता. तोपर्यंत एक नुकसान होऊन गेलं होतं : जुन्या कारागिरांनी नव्या पोरांना शिकवणं थांबवलं होतं. शिकवायला थांबलं की आपला आकडा मागं पडतो, मग कोण थांबेल? फळा मी त्याच रात्री उतरवला. पण ती सवय परत यायला वर्ष गेलं. पुढं वाचलं की मायक्रोसॉफ्टनंही माणसांना अशी क्रमवारी लावणं २०१३ साली बंद केलं होतं, म्हणजे मी ते सुरू करण्याच्या चार वर्षं आधी.

पूर्ण हजेरीच्या बोनसचंही तसंच. आमची निम्मी माणसं खानापूर तालुक्यातली, जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवरच्या गावांतली. जुलैत भाताची लावणी असते. बोनस तेव्हाच बुडायचा, आणि ज्याच्या घरी शेत तोच दरवेळी मागं. आता लावणीचे आठ दिवस आम्ही पाळीनं रजा देतो आणि फर्नेसची दुरुस्ती त्याच दिवसांत काढतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्लांट बघायला आपण ज्यांचं जमलं त्यांच्याकडेच जातो. त्याच गोष्टी करून ज्यांच्या शेडला कुलूप लागलं, त्यांच्याकडे कोणी वही घेऊन जात नाही. म्हणून आता मी दुसऱ्यांकडे जातो तेव्हा एवढंच विचारतो, हे तुम्ही कुठल्या अडचणीवर काढलं? आणि नवीन काहीही आधी एकाच भट्टीच्या एका पाळीत महिनाभर करून बघतो. पुण्याकडून घेतलेलं सगळंच वाया गेलं असं नाही. पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून साचा उठवतो त्या नमुन्याला, नंबर देऊन मांडणीवर ठेवणं आमच्याकडे छान रुजलं, कारण पॅटर्न शोधण्यात आमचा खरंच अर्धा-अर्धा तास जायचा. रेझिन आज वीस दिवसांचं असतं. 

गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या मच्छेहून एक तरुण कारखानदार आला होता. आमचं लावणीच्या रजेचं वेळापत्रक त्याला फार आवडलं, मोबाईलवर फोटो काढला. मी विचारलं, तुझी माणसं कुठली? म्हणाला, बरीचशी गोकाक-हुक्केरीकडची. तिकडं ऊस. ऊसतोड थंडीत. मग आम्ही दोघं चहाला बसलो आणि त्याच्या एकेका माणसाचं गाव कुठलं, घरी शेत किती, ते कागदावर मांडत राहिलो. सात-आठ जणांचं त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, उद्या विचारतो आणि फोन करतो.