लाल पट्टीची खिडकी

जत्रेच्या नाटकाच्या तालमी आठ दिवसांवर आल्या होत्या आणि संहिता काकांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये अडकली होती. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर दर वर्षी देवळापुढे मराठी नाटक होतं. जुन्या हाती लिहिलेल्या नकला वाळवीच्या तोंडी जायच्या आत काकांनी पानन् पान स्कॅन करून ठेवलं होतं. पावसाळ्यात मदरबोर्ड गेला, डिस्क मात्र शाबूत होती. ती बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून मी माझ्या लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) चालवणाऱ्या कॉम्प्युटरला लावली. ‘नाटक’ फोल्डर दिसला, पण त्यावर फुली. आत जायला परवानगी नाही!

प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं तर मालकाच्या जागी नुसता आकडा होता, १००१. लिनक्स डिस्कवर मालकाचं नाव नाही, क्रमांक लिहून ठेवतं. पहिल्या खात्याला सहसा १००० मिळतो. काकांचं खातं त्या मशीनवर दुसरं होतं. माझ्याकडे १००१ कुणीच नाही आणि फोल्डरची परवानगी ७००, म्हणजे मालक सोडून सगळ्यांना दार बंद. (फॅट-३२ च्या पेनड्राइव्हवर हा ताप नसतो, त्याला मालकी ठाऊकच नाही.)

माझ्या जुन्या वहीत ‘जीकेसुडो’ची कमांड लिहिलेली होती, रूटच्या म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने प्रोग्राम उघडणारी. टर्मिनल (कमांड टाइप करायची जागा) म्हणालं, अशी कमांडच नाही. नंतर कळलं, मिंट ज्याच्यावर उभं आहे त्या उबुंटूने २०१८ सालीच ती काढून टाकली. मिंटच्या नेमो या फाइल मॅनेजरमध्ये मात्र फोल्डरवर राइट क्लिक केलं की ‘ओपन ॲज रूट’ मिळतं. पासवर्ड दिला, नवी खिडकी उघडली, वर लाल पट्टी: ‘एलिव्हेटेड प्रिव्हिलेजेस’. आतली सगळी पानं दिसली. मी खूश! सगळं कॉपी केलं, डावीकडच्या ‘होम’वर क्लिक केलं, पेस्ट केलं, खिडकी बंद.

काका दारातून डोकावले. ‘‘मेळ्ळें रे?’’

‘‘मिळालं काका,’’ म्हणालो आणि माझं होम उघडलं. तिथे काहीच नव्हतं.

दहा मिनिटं शोधण्यात गेली. मग उजेड पडला: लाल पट्टीच्या खिडकीत मी नसतो, रूट असतो, आणि त्याचं ‘होम’ वेगळं, ‘/रूट’. नाटक मी परक्याच्या घरी ठेवून आलो होतो. पुन्हा तीच खिडकी उघडली, या खेपेस डिस्कवरून थेट माझ्या घरच्या फोल्डरात पेस्ट केलं. फोल्डर आला, पण मालक रूट! १००१ चं कुलूप काढून मी रूटचं लावलं होतं.

शेवटी काम झालं एका ओळीने: सुडो (रूटच्या हक्काने), चाऊन (मालक बदल), हायफन कॅपिटल आर (आतल्या सगळ्यासकट), माझं नाव, फोल्डरचा पत्ता. आधीच टर्मिनलमधून सुडोने कॉपी करून ही ओळ चालवली असती, तर खिडकी उघडायची गरजच नव्हती. मूळ डिस्कला मी हात लावला नाही, तिथली मालकी काकांचीच राहू दिली.

ती खिडकी मला आता आवडत नाही. सुडोच्या एका ओळीत एकच काम होतं. लाल पट्टीच्या खिडकीत माउसची प्रत्येक चूक रूटच्या हातची. सिस्टिमच्या सेटिंग्ज असतात त्या ‘इटीसी’मधला एखादा फोल्डर ओढताना दुसऱ्यात पडला, तर कुणी अडवत नाही.

रूटच्या घरातली पहिली प्रत मात्र तशीच राहिली होती. ती टर्मिनलमधून पुसली, एंटर दाबायच्या आधी पत्ता तीनदा वाचून. संध्याकाळी काकांनी दुसऱ्या अंकाची पानं छापून घेतली आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीने माझी भूमिका लिहिली: हवालदार, दोन वाक्यं.