फिल्टरची दुसरी नळी

न्हाणीचं पाणी वाया जातं असं बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडच्या जुन्या घरांत कुणाला कधी वाटलंच नाही. न्हाणीच्या भिंतीला तळाशी एक भोक असायचं, त्यातून पाणी परड्यात जायचं. भोकाच्या तोंडाशी अळू, त्याच्या मागं केळ, आणखी पुढं कर्दळ. कुणी आखून लावलेलं नव्हतं. जिथं ओल, तिथं अळू. श्रावणात वड्या करायच्या झाल्या की गल्लीतल्या बायका त्याच अळवावर हात टाकत. ते कुठल्या पाण्यावर पोसलंय, हे विचारायची पद्धत नव्हती.

पुढं परड्यावर खोल्या चढल्या, न्हाणीचं बाथरूम झालं आणि पाणी पाईपातून थेट गटारीला लागलं. आमच्याकडं उरल्या त्या गच्चीवरच्या कुंड्या आणि मागच्या दाराशी पायपुसण्याएवढी लाल माती. त्यानंतर स्वयंपाकघरात आरओ आला. घरात त्याला सगळे फिल्टरच म्हणतात. त्याला दोन नळ्या. एक आतल्या टाकीत जाते, तिचं कौतुक सगळ्यांना. दुसरी सिंकमध्ये सोडलेली, करंगळीहून बारीक. यंत्र चालू असलं की तिची धार थांबत म्हणून नाही.

ही नळी बंद करता येत नाही का, असं आमच्या सासूबाईंनी बसवायला आलेल्या मुलाला विचारलं होतं. येत नाही, कारण सगळं तिच्यावरच चाललेलं असतं. पंप पाणी दाबून यंत्रातल्या अतिबारीक छिद्रांच्या पडद्यावर ढकलतो. थोडं पाणी पडद्यातून पलीकडं जातं, त्यातले क्षार अलीकडंच अडकतात. ते तिथंच साचले तर पडदा लवकरच चोंदेल. म्हणून उरलेल्या पाण्यानं ते सारखे धुऊन न्यावे लागतात. घरगुती यंत्रात प्यायचं एक लिटर हाती येईपर्यंत तीनेक लिटर या धुण्यात जातं. चौघांच्या घरात प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला 15 लिटर धरलं, तर 45 लिटर सिंकमध्ये. मोठ्या तीन बादल्या. उन्हाळ्यात पाणी कधी येईल याचा नेम नसलेल्या गल्लीत रोज तीन बादल्या ओतून टाकायच्या म्हणजे छातीच लागते.

यंत्र विकायला आलेल्या माणसानं मात्र या नळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यानं दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडली. नळाच्या पाण्यात बघता बघता तांबूस गढूळ फेस उठला. घरातले सगळे गार. खरं तर तो पाण्यातला मळ नव्हताच, त्याच्याच कांडीचा गंज होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज उतरतो. दुसऱ्या पेल्यात क्षारच नाहीत, वीज काय वाहणार? शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाइतका सोपा प्रयोग, पण त्यावर भारतभर किती यंत्रं खपली असतील कोण जाणे.

एकदा त्या पेल्याची भीती बसली की दुसऱ्या नळीचं पाणी म्हणजे सगळी घाण असं मनात पक्कं होतं. हिशेब केला तर तसं निघत नाही. चार लिटर आत, एक लिटर प्यायला, तीन बाहेर. म्हणजे चार लिटरांतले क्षार तीन लिटरांत आले. मूळ पाण्याच्या साधारण सव्वापट-दीडपट, त्याहून जास्त नाही. नळाचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायच्या यंत्रावर, 400 दाखवत असेल, तर दुसऱ्या नळीचं सव्वापाचशेच्या आसपास. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकानं 500 ही चांगली मर्यादा धरलीय, आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. म्हणजे आपण जे गटारीत सोडतो, त्याहून खारट पाणी कितीतरी गावं मुकाट्यानं पितात.

आमच्या बेळगावात तर गंमतच आहे. शहराला पाणी येतं मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकलहून. दोन्ही धरणांतलं, पावसाचं, गोडं पाणी. आमच्या मीटरवर ते 500 च्या रेषेच्या कितीतरी खाली राहतं. त्यामुळं आमच्या दुसऱ्या नळीचं पाणी झाडांना घालताना काही विचारच करावा लागत नाही. नळी सिंकमधून काढून बादलीत सोडली, बादली भरली की गच्चीवर. अबोली, मोगरा, गवती चहा, कढीपत्ता, सगळे खूश. अनंत तर असा फुलतो की शेजारीण सकाळी फुलं मागायला येते आणि चहा घेऊनच जाते. त्यात पुन्हा आमचा पाऊस. मे महिन्यापर्यंत कुंडीत जे काही क्षार साठले असतील, ते जून-जुलैत धुऊन खाली. एकच पथ्य: हे पाणी ड्रममध्ये साठवून ठेवायचं नाही. यंत्रातल्या कोळशाच्या फिल्टरनं क्लोरीन आधीच काढून घेतलेलं असतं, त्यामुळं चार दिवसांत ड्रमला शेवाळ धरतं आणि डासांची सोय होते.

आता जिल्हा तोच, पण अथणीला चला. आमची आक्का तिथं राहते. तिच्याकडं बोरचं पाणी; डाळ शिजता शिजत नाही, चहावर साय आल्यासारखा तवंग, आणि स्टीलच्या तांब्यावर पांढरे डाग. तिकडं आरओ चैनीसाठी नाही, गरजेसाठी. गावोगावी सरकारी ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’, म्हणजे पिण्याच्या शुद्ध पाण्याची केंद्रं, उभे आहेत, नाणं टाकलं की कॅन भरतो. कन्नड बोलणारे असोत की मराठी, रांगेत सगळे एकच म्हणतात, फिल्टरचं पाणी आणायला आलोय. त्या घटकाच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं तर तिथंही दुसरी नळी असतेच, जरा जाड, आणि तिचं पाणी बहुधा रस्त्याकडेच्या चरात.

माझं बघून आक्कानंही नळी बादलीत सोडली. पण तिचं बोरचं पाणीच 1200 च्या घरातलं, म्हणजे दुसऱ्या नळीतून 1600 च्या आसपास. इथून नेलेलं अनंताचं रोप तिनं हौसेनं लावलं होतं. त्याची पानं पिवळी पडू लागली. सगळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, कुणी हिरव्या पेनानं रेघा ओढाव्यात तशा. मातीत लोह असतं, पण पाण्यातल्या चुन्यानं माती अल्कधर्मी झाली की अनंताला ते घेता येत नाही. मातीच्या कुंडीला बाहेरून लोणा लागला, जुन्या भिंतीला लागतो तसा. बोटानं खरवडला तर पांढरी पूड. पाणी उडून गेलेलं, क्षार तेवढे मागं राहिलेले.

दाजी शेतकरी, त्यांनी कुंडी बघितली आणि हसले. म्हणाले, “आमच्या रानात झालंय तेच की हे, तुमी डब्यात करून दाखवलंसा.” कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं, निचरा कुणी केला नाही, आणि जमिनी क्षारपड होत गेल्या. उन्हाळ्यात वर पांढरी साय येते, त्यात धड गवतही उगवत नाही. काळी माती पाणी धरून बसते, आणि अथणीचा पाऊस बेळगावच्या निम्म्याहूनही कमी, धुणार कोण?

उपायही दाजींनीच सांगितला, आणि तो बचतीच्या आपल्या कल्पनेच्या उलटा आहे. रोज वाटी-वाटी पाणी घातलं की क्षार वरच्या मातीतच साठतात. घालायचंच तर कुंडीच्या बुडातून वाहून जाईल इतकं एकदम घाल, म्हणाले, आणि भोकं बुजली नाहीत ना ते आधी बघ. आक्कानं झाडंही वाटून घेतली. दुसऱ्या नळीचं पाणी नारळाला, शेवग्याला, चिकूला, कोरफडीला आणि कुंपणाच्या बोगनवेलीला. ही मंडळी खारट पचवतात. घेवडा, गुलाब यांना शक्यतो नाही. अनंताला स्लॅबवरून ड्रममध्ये धरलेलं पावसाचं पाणी, तेही मोजून. फरशी पुसायला हे पाणी तिनं एकदाच वापरलं. काळ्या कडप्प्यावर असे पांढरे फराटे उठले की पुन्हा चांगल्या पाण्यानं पुसावं लागलं; बचत गेली तिथंच.

राष्ट्रीय हरित लवादानं 2019 साली पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की ज्या पाण्याचा टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथं आरओवर बंदी आणा, आणि जिथं परवानगी असेल तिथं यंत्रानं निदान 60 टक्के पाणी प्यायला मिळवून द्यावं. हे मी आक्काला फोनवर वाचून दाखवलं, जरा शहाणपणा मिरवायला म्हणून.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मग तुमच्याकडं धरणाचं गोडं पाणी घरात येतंय, त्याला फिल्टर कशाला लावलाय गं?”

अनंतासाठी, म्हटलं.