परातीतली गोटी

शनिवारी दुपारी परात घासून ओट्यावर उपडी टाकली होती, तर पोराने ती उचलली, त्यात एक गोटी सोडली आणि दोन्ही हातांनी परात धरून गरागरा फिरवायला लागला. गोटी आधी मधल्यामधे घुटमळली, मग वेग आला तशी कडेला चढली आणि काठाखालून जी पळत सुटली, आवाज काय तो, खर्रर्रर्र. मी ओरडणारच होते. पण हातातलं फडकं हातातच राहिलं, कारण मे महिन्यात कॉनकॉर्डला मोटारींच्या शर्यतीत ऐकलेला आवाज हाच, फक्त तिथे चाळीसेक गोट्या होत्या आणि परात दीड मैलाची.

आम्ही अमेरिकेत शार्लटला राहतो, कॉनकॉर्ड इथून जवळच. इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी नॅसकार, म्हणजे इथल्या मोटारींच्या शर्यती, म्हटलं की मी नाक मुरडायचे. टीव्हीवर पाहिलंय ना, गाड्या गोल गोल फिरतात, सारख्या डावीकडेच वळतात आणि दहाव्या मिनिटाला आपल्याला डुलकी लागते, याच्यापेक्षा वडाला फेऱ्या मारलेल्या बऱ्या. पण ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे एक गोरे काका आहेत (मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणते), रिटायरमेंटला आलेले, त्यांच्याकडे कोका-कोला 600 या शर्यतीची जास्तीची दोन तिकिटं होती आणि मला नाही म्हणता आलं नाही. 600 मैल म्हणजे 400 फेऱ्या. पुण्याहून नागपूर गाठून परत निघालात तरी वाटेतच असाल, एवढं अंतर ते लोक एका जागी बसून बघतात!

आणि बसून म्हणजे अगदी नीट बसून हं. आपला कूलर, आपलं खाणं आत नेता येतं, हे कळल्यावर माझा अर्धा विरोध तिथेच गळाला. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. काकांनी चार खाल्ल्या आणि बदल्यात मला इतिहास सांगितला. या सगळ्याचं मूळ म्हणे हातभट्टीच्या दारूत आहे, इथल्या डोंगरात रात्री दारू पोचवणारी पोरं साध्यासुध्या दिसणाऱ्या गाडीत तगडं इंजिन बसवायची, पोलिसांना चुकवायची आणि रविवारी आपापसात शर्यती लावायची. ज्युनियर जॉन्सन त्यातलाच, भट्टीपायी तुरुंगात जाऊन आला आणि तरी मोठा नावाजलेला ड्रायव्हर झाला, 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने त्याला माफीसुद्धा दिली. या शर्यतीतल्या गाड्यांना स्टॉक कार म्हणतात, म्हणजे दुकानातून आणली तशी गाडी. आता कसली तशी म्हणा! दार उघडत नाही, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो आणि पुढचे हेडलाइट म्हणजे नुसते चिकटवलेले स्टिकर. हे स्टिकरचं मला इतकं आवडलं की मी तासभर जो भेटेल त्याला तेच सांगत होते, आणि ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

खरी गंमत हेडफोनमध्ये आहे. तिथे स्कॅनर भाड्याने मिळतो, कुठलाही एक ड्रायव्हर निवडायचा आणि त्याचं रेडिओवरचं बोलणं ऐकत बसायचं. ड्रायव्हरची मान पट्ट्यांनी जखडलेली, त्याला बाजूचं धड दिसत नाही, म्हणून त्याचा एक माणूस पार वर छतावर उभा राहून सांगत असतो, आतून येतोय, अजून आहे, अजून आहे, गेला, मोकळं. एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून गाडीवर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास!' करतो ना, तेच, फक्त ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. मी माझ्या सवयीने सगळ्यात मागची गाडी निवडली. मला पहिल्याचं कौतुक कधीच वाटत नाही, शाळेच्या स्पोर्ट्स डेपासून मी शेवटच्यासाठी टाळ्या वाजवते. टीव्हीवर हा मागचा दिसतच नाही, कॅमेरा सतत पुढच्यांवर. इथे पूर्ण ट्रॅक ताटासारखा समोर, आपला माणूस कुठेही असो, नजरेतून सुटत नाही.

मग टक्कर झाली. एक गाडी वळणावर घसरली, मागच्या दोघी तिच्यावर, धूर, आणि आमचा अख्खा स्टँड ताडकन उभा राहिला. मीही. पुरी हातात.

मामाच्या गावच्या जत्रेत मौत का कुआँ यायचा. लाकडी फळ्यांची विहीर, सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, जिना चढून वर कठड्याला रेलून खाली बघायचं. बाइक वर आली की फळ्या पायाखाली थडथडायच्या, पेट्रोलच्या वासाने डोकं जड व्हायचं. लोक नोटा पुढे धरायचे आणि तो येता येता हात सोडून नोट खेचून न्यायचा. मामाने मला पाचाची नोट दिली. मी धरली, तो वर आला, आणि ऐन वेळी घाबरून मी हात मागे घेतला. त्याची मूठ हवेतच मिटली, बाइक लचकली. सावरला तो, पुढच्या फेरीत माझ्याकडे बघून हसलासुद्धा. पण त्या क्षणी कठड्यावरचं एकही माणूस मागे सरकलं नव्हतं, सगळे पुढे वाकले होते. नोट हातात चुरगळून मीसुद्धा.

तर कॉनकॉर्डला तिघेही ड्रायव्हर धडपणे बाहेर आले, हात हलवले, टाळ्या झाल्या. पिवळा झेंडा होता, गाड्या हळू झाल्या होत्या, जरा बोलता येत होतं. मी काकांना विचारलं, लोक हेच बघायला येतात का हो? काका काही बोलले नाहीत. त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं वर केली, क्षणभर तशीच धरली आणि खाली घेतली. घरी येऊन शोधलं तेव्हा समजलं, डेल अर्नहार्ट या नॅसकार ड्रायव्हरच्या गाडीचा नंबर 3. इथून जवळच्या कॅनापोलिसचा माणूस, 2001 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. त्या वर्षी पुढच्या शर्यतींमध्ये तिसऱ्या फेरीला लोक उभे राहायचे, गप्प, तीन बोटं वर करून. मानेला जखडणारे ते पट्टेसुद्धा त्याच वर्षी सक्तीचे झाले.

माझा शेवटचा ड्रायव्हर शेवटच्या काही जणांतच आला. मी टाळ्या वाजवल्या.

एवढं सगळं फडकं हातात धरून आठवत होते तोवर परातीतली गोटी काठावरून उडाली, टाइलवर दोनदा टणटणली आणि फ्रिजखाली गेली. पोराने दुसरी मागितली.

दिली.