थोडंफार की अगदी

बुधवार, रात्री उशिरा

फोनवर बोलताना आपली बोलायची पाळी कधी आली ते कळत नाही, असं होतं का? ऑटिझमच्या तपासणीसाठी भरायच्या प्रश्नावलीतल्या या एका प्रश्नापाशी मी किती वेळ बसले होते देव जाणे. फोन कुणाचा ते तर सांगा. बँकेचा असेल तर कळतं, तिथली वाक्यं ठरलेली असतात. माईमावशीचा असेल तर पाळी येतच नाही, त्यात माझा काय दोष? म्हणून 'थोडंफार सहमत'. मग ते खोडून 'अगदी सहमत'. परत खोडून थोडंफार.

असे ५० प्रश्न. आणि आज तपासणाऱ्या मॅडम माझ्यासमोर गुण मोजत होत्या, तर थोडंफार आणि अगदी, दोन्हींना एकच गुण! उत्तर ऑटिझमच्या बाजूला झुकलं की १, नाहीतर ०. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि मंडळींनी २००१ साली ही एक्यू (ऑटिझम-स्पेक्ट्रम कोशंट) प्रश्नावली मांडली, तेव्हापासून असंच मोजतात म्हणे. सर्वसाधारण माणसांची सरासरी १६ च्या आसपास. ३२ झाले की पुढे तपासायचं. माझे ३६.

ते ३६ नाही लागले मनाला. त्यांचं बघू. 'सगळ्यांनाच होतं गं असं,' हे नवऱ्याचं जेवताना म्हणणंही राहू दे. लागलं ते एवढंच, की मी जे इतकं तोललं ते कुणी मोजलंच नाही.

जन्मभर दुसरं केलंय काय? हळदीकुंकवाला गेलं की 'बस गं अजून, काय घाई' हे खरं की रीत? किती बसलं म्हणजे उद्धट दिसत नाही? घड्याळाकडे बघायचं नाही म्हणून मी शोकेसमधले कप मोजते, उलटे ठेवलेले वेगळे, सुलटे वेगळे. ओठ हसरे ठेवून. घरी आल्यावर दिवा न लावता साडीतच आडवी. आणि बाहेर ख्याती काय, तर ही फार मोकळी! गणितातल्या रीतीला तरी गुण असतात.

(पार्टीपेक्षा वाचनालयात जायला आवडेल का, असंही विचारलंय. पार्टीला मला बोलावतं कोण? लग्नांचं विचारायचं होतं. पण तिथे आवडनिवड कोण विचारतो?)

दुसरी प्रश्नावली ८० प्रश्नांची. तिच्यात प्रत्येक गोष्ट लहानपणी होती, आता आहे, की दोन्ही वेळा, हेही सांगायचं. त्यासाठी आईला नेलं होतं. आई म्हणाली, 'हिचा कध्धी त्रास नाही. बसवलं तिथे बसायची. बटणांचा डबा दिला की संध्याकाळपर्यंत हूं की चूं नाही. रंगाप्रमाणे लावायची, कुणी एक हलवलं की मात्र रडून आकांत.' मॅडम भराभर लिहून घेत होत्या. आईला वाटलं, लेकीचं कौतुक लिहितायत. ती आणखी खुलली. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यावर आज लिहीत नाही.

नुसत्या प्रश्नावलीवरून निदान होत नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. पुढच्या वेळी सविस्तर बोलणं. तोवर घरी भरायला हा तिसरा कागद दिलाय. आपण कसे आहोत ते लोकांपासून किती झाकता, असं विचारणारा. टीव्ही-सिनेमा बघून वागणं उचलता का, म्हणे. अहो, भेटायला गेल्यावर काय बोलायचं ते मी मालिकांतल्या सासवांकडून शिकले! प्रश्न २५ च, पण उत्तरं १ ते ७. म्हणजे इथे पाच आणि सहा यांत खराखुरा एका गुणाचा फरक पडतो. घ्या. तोलणाऱ्यांची सोय झाली.

जेवण झाल्यापासून बसलेय, सतराव्यावर आहे. पाच? खरं तर साडेपाच.