बोटांवर मोजलेला अभंग
आज सकाळपासून बोटं मोजतेय. मोठ्या अभंगाचा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'शिट्ट्या' दोनच अक्षरं. वाटलं, हातचा मळ! पहिल्याच चरणात 'खूप' आणि 'फार' कोंबून सहा भरली. आईनं भाजी निवडता निवडता ऐकलं नि म्हणाली, "अगं, ही खोगीरभरती कशाला?" काढली, तर दोनच उरली. मग तासाभरानं हे जमलं:

कुकरच्या शिट्ट्या
मोजता मोजता
अभंग रचता
डाळ लागे

यमक लंगडं आहे, कबूल. डाळ मात्र खरंच लागली. कुकरचा डबा अजून भिजत पडलाय.