गुरू-लघु-लघु: 'किचन गर्ल' कुठे अडली ते सापडलं

मंडळी, शनिवारच्या स्क्वेअर डान्सला (चार जोड्यांचा चौकोनी अमेरिकन लोकनृत्य) माझ्या फिडलमुळे, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनमुळे, नाच मोडला.

सहा महिने 'किचन गर्ल' ही अमेरिकन फिडलची धून घोटतोय, हे तुम्ही जाणताच. तिच्यासाठी तारा ए-ई-ए-ई (A-E-A-E) अशा लावतात; ही जुळणी म्हणजे आपल्या व्हायोलिनची सा-प-सा-प, त्यामुळे सूर हाताला लगेच बसले होते. पहिल्या भागातला कोमल निषाद, दुसऱ्या भागातला कोमल गंधार, सगळं जागेवर. तरी तिसऱ्याच फेरीत जोड्यांची पावलं रेंगाळली. कॉलरबाई (नाचाच्या सूचना पुकारणाऱ्या) म्हणाल्या, "सूर गोड आहेत, पण पाय कधी उचलायचा ते कळत नाही."

तेव्हापासून दुसरं काही वाजवलेलं नाही. नॅशव्हिल शफल हा फिडलचा गज फिरवायचा ठेका, म्हणजे गजाचा भगण: गुरू-लघु-लघु, एक लांब फटका आणि दोन आखूड. समेवर वजन द्यायची सवय अंगात मुरलेली, म्हणून माझा जोर गुरूवर पडत होता. तो हवा पहिल्या लघूवर. नाचणाऱ्याला उचलतो तो धक्का तोच! शिवाय फटके तीन, त्यामुळे जोर एकदा अप-बोवर (गज वर ढकलताना) येतो आणि पुढच्या वेळी डाउन-बोवर (खाली ओढताना). अप-बोवर माझं मनगट ढिलं पडायचं.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन गावचे फिडलवादक हेन्री रीड यांचं या धुनेचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन जबूर यांनी १९६६-६७ मध्ये मुद्रित केलं, तेव्हा रीड ऐंशी पार केलेले, आणि तरी गज कसा श्वास घेतो ते ऐका. मग मींड सगळ्या काढल्या, मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला ११६ मात्रांवरून ८० वर आणला आणि डावा हात बाजूला ठेवून नुसत्या मोकळ्या तारा घासल्या. बुधवारी बँजोवाला मित्र आला. बँजोच्या क्लॉहॅमर शैलीचा 'बम-डिटी' हा ठेकाही भगणच! दहा मिनिटांत दोन्ही ठेके एकमेकांत असे बसले की आम्ही तासभर थांबलोच नाही.

तारा स्टीलच्याच घ्या. या जुळणीसाठी दुकानदाराने गळ्यात मारलेली सिंथेटिक 'जी' (G) सुराची तार 'ए' (A) पर्यंत चढवताना तुटली.

डी-डी-ए-डी (D-D-A-D) या दुसऱ्या जुळणीतली 'बोनापार्ट्स रिट्रीट' ही धून आता सुरू करणार होतो, ती पुढे ढकलतोय. ६४ मात्रांची एक फेरी ११६ च्या लयीत ३३ सेकंदांत संपते. अकरा मिनिटांच्या नाचात वीस फेऱ्या. विसाव्या फेरीतही मनगट टिकायला हवं.

आणि हे लिहितानाच सुचलं: येत्या शनिवारी आधी वाजवायचंच नाही. पूर्वार्धात चौकोनात उभा राहून नाचतो, धक्का पायाला कुठे लागतो ते कळू दे. फिडल मध्यंतरानंतर.