ॲनापोलिसचा आठवडा: नेव्हल अकादमीच्या समर सेमिनारला जाणाऱ्यांसाठी

गेल्या जूनमध्ये आमचा मुलगा मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला, अमेरिकी नौदलाच्या अकादमीत, समर सेमिनार या उन्हाळी कार्यक्रमासाठी आठवडाभर राहून आला. त्यानंतर इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या, ओळखीच्या घरांतून फोन येत राहिले, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते.

समर सेमिनार अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्या मुलामुलींसाठी असतो. जूनमध्ये आठवड्या-आठवड्याच्या तुकड्या जातात. ऑनलाइन अर्ज साधारण जानेवारीत सुरू होतो आणि मार्चअखेर बंद होतो. नेमकी तारीख अकादमीच्या संकेतस्थळावर दरवर्षी बघून घ्या. शाळेतले ग्रेड, परीक्षांचे स्कोअर, खेळ, शाळेबाहेरची कामं असं सगळं त्यात भरायचं असतं. हाच अर्ज पुढे अकादमीच्या प्रवेशासाठी प्राथमिक अर्ज म्हणूनही धरतात, त्यामुळे शेवटच्या रात्री घाईनं उरकू नका. मात्र सेमिनारला निवड झाली म्हणजे प्रवेश पक्का असं मुळीच नाही, आणि निवड झाली नाही तरी पुढच्या वाटा बंद होत नाहीत.

अर्ज भरताना माझी एक चूक झाली. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मीच बसले आणि त्याच्या वतीनं छान छान वाक्यं लिहून टाकली. त्यानं वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "आई, हा मी नाहीये." सगळं पुसलं आणि शाळेच्या बँडमधल्या ड्रमबद्दल लिहिलं, नव्या मुलांना ताल शिकवताना कसा वैताग यायचा तेही. तेच गेलं. आईबाबांनो, अर्ज मुलांनाच भरू द्या. तिथे पहाटे उठून पळायचंय ते त्यांना.

तयारीचं म्हणाल तर अंगमेहनतीची तयारी आधी. प्रवेशासाठी लागणारी शारीरिक चाचणी सेमिनारच्या आठवड्यातच घेतात. पुल-अप, पुश-अप, शटल रन (दोन रेघांमध्ये ये-जा पळणं), एक मैल धावणं हे ओळखीचं असतं. अडवतो तो बास्केटबॉल. गुडघ्यांवर बसून, पायांचा जोर न लावता, एका हातानं डोक्यावरून फेकायचा. आमचा मुलगा क्रिकेट खेळतो, खांदा चांगला आहे, तरी पहिल्या दिवशी चेंडू बागेच्या कुंपणापर्यंतही पोचला नाही. मग सतरंजीची चौपदरी घडी करून तो रोज संध्याकाळी त्यावर गुडघे टेकायचा आणि आबा, म्हणजे माझे वडील, चेंडू आणून द्यायचे. चेंडू पडेल तिथे आबा खडूनं रेघ मारत. मे संपेस्तोवर फरशीवर रेघांची शिडीच झाली होती. पुल-अपसाठी दाराच्या चौकटीत बसणारा बार आणला. हे सगळं फेब्रुवारीत सुरू करा, मेमध्ये नाही.

एडिसनहून ॲनापोलिस गाडीनं तीन-साडेतीन तास. शुक्रवारी दुपारी निघू नका. चेसापीक उपसागरावरच्या बे ब्रिजपलीकडच्या किनाऱ्यांवर जाणाऱ्या गाड्यांनी ५० नंबरचा रस्ता तुंबलेला असतो. विमानानं येणाऱ्यांना बाल्टिमोर जवळ पडतं. जुन्या गावात गल्ल्या अरुंद आहेत, पार्किंग मिळणं कठीण, म्हणून आम्ही नौदलाच्या फुटबॉल स्टेडियमवर गाडी लावली. अकादमीच्या आवारात पाहुण्यांना पायीच जावं लागतं आणि मोठ्यांना फोटोचं ओळखपत्र लागतं. भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आबांचा हॉटेलच्या कपाटात राहिला होता, तो आणण्यात आमचा तास गेला.

मुलं राहतात ती बॅनक्रॉफ्ट हॉलमध्ये. चार हजारांहून जास्त मिडशिपमन, म्हणजे अकादमीचे विद्यार्थी, एरवी याच एका इमारतीत राहतात. पायऱ्या चढून वर गेलं की मेमोरियल हॉल लागतो. कर्तव्यावर मरण पावलेल्या इथल्या पदवीधरांची नावं तिथे लावली आहेत, आणि १८१२ च्या युद्धातली 'जहाज सोडू नका' ही अक्षरं असलेलं निशाण आहे. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते त्या नावांसमोर टोपी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. साताऱ्याकडच्या आमच्या नातेवाइकांनी फोनवर विचारलं होतं, परक्या देशाच्या फौजेत पोरगं का घालताय? मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आबा मात्र बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याचा जन्म इथला, मीठ इथलं. त्याला हा देश परका कसा?"

आठवडाभर मुलाचा फोन जवळजवळ आलाच नाही. दिवस उजाडायच्या आत व्यायाम, मग वर्ग आणि कार्यशाळा, कवायत, संध्याकाळी पुन्हा धावपळ, आणि हे सगळं वरच्या वर्गातल्या मिडशिपमनच्या हाताखाली. शेवटाकडे 'सी ट्रायल्स' नावाची दमछाक असते: चिखल, पाणी, पळणं, सगळं गटानं. आम्ही बूट नवे घेऊन दिले होते. दुसऱ्याच दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत, मोजे भरपूर द्या, पट्ट्या द्या.

पैशांचं थोडक्यात सांगते. सेमिनारला काहीशे डॉलर शुल्क आहे आणि प्रवासखर्च आपला. पुढे अकादमीत प्रवेश मिळाला तर शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चानं, आणि पदवीनंतर किमान पाच वर्षं सेवा. ही पाच वर्षं मुलाला आधीच समजावून सांगा. अकादमीसाठी अमेरिकी नागरिकत्व लागतं, आणि बहुतेकांना आपल्या भागातल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याचं किंवा सिनेटरचं नामांकनही मिळवावं लागतं. प्रत्येक कार्यालयाची मुदत वेगळी असते, त्यामुळे उन्हाळ्यातच चौकशी करून ठेवा. बारावीचा सप्टेंबर फार भरभर जातो.

न्यायला गेलो तेव्हा तो उन्हानं रापला होता आणि आवाज बसला होता. आबांनी आधी त्याचे बूट काढायला लावले, टाचा पाहिल्या, म्हणाले, "भरतंय." गाडीत बसताक्षणी तो झोपला. डेलावेअरचा पूल ओलांडताना जाग आली, तेव्हा पाणी मागितलं आणि म्हणाला, "आबा, बास्केटबॉल तुमच्या शेवटच्या रेघेच्याही पुढे गेला."